दुखणं अंगावर न काढणारी अळी

चहानं तरतरी येते म्हणतात, पण साखर सोडली तर चहाच्या कपात शक्ती कुठली? पेशी दिवसभर एटीपी नावाचं आपलं इंधन खर्चत असतात. एटीपीचे तीन फॉस्फेट एकेक करून सुटत गेले की मागे उरतं ॲडेनोसिन. जागेपणी ते मेंदूत पेशींच्या बाहेर साचत जातं, तिथल्या रिसेप्टरवर, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रथिनावर, जाऊन बसतं आणि पापण्या जड व्हायला लागतात. कॅफीनचा रेणू दिसायला ॲडेनोसिनच्या इतका जवळचा की तो त्याच जागा अडवून बसतो. थकवा जिथल्या तिथे असतो, त्याची वर्दी तेवढी पुढे जात नाही. आमच्या सदाशिव पेठेत रात्री साडेअकराला अभ्यासिकांतून मुलं खाली उतरतात, टपरीवर अर्धा-अर्धा चहा मारून पुन्हा वर जातात, ती हीच वर्दी दोन-तीन तास लांबवायला.

मी बरीच वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. चहाची ही गोष्ट वर्गात हमखास चालायची, कारण पहिल्या तासाला पेंगणारी पोरंही तेवढ्यापुरती मान वर करायची. पुढचा प्रश्न मात्र क्वचितच कुणी विचारायचं, की किड्यांचं काय? चहा-कॉफीच्या झाडांनी कॅफीन काही आपल्यासाठी बनवलेलं नाही. जेम्स नॅथनसन यांनी १९८४ साली दाखवून दिलं की कॅफीन आणि त्याच्या जातीची संयुगं हे वनस्पतींचं कीटकनाशक असू शकतं. तंबाखूवरच्या अळ्यांना ते खायला घातलं तर त्यांचं खाणं-वाढणं बिघडतं. पेशीच्या आत सायक्लिक एएमपी नावाचा एक निरोप्या रेणू असतो आणि त्याला वेळच्या वेळी मोडणारं एक एन्झाइम असतं. कॅफीन त्या एन्झाइमचे हात बांधतं आणि निरोप संपतच नाही. म्हणजे एवढ्याशा प्राण्यासाठी जे विष, ते आपण आलं-वेलची घालून पितो.

तरी विष किती यावर सगळं अवलंबून. कॉफीच्या आणि संत्र्या-पपनसाच्या कुळातल्या फुलांच्या मधातही कॅफीन असतं, पण इतकं थोडं की मधमाशीला कडू लागू नये. जेराल्डिन राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली हे मोजलं. गंधाबरोबर नुसतं गोड पाणी मिळालेल्या माशांच्या मानानं, कॅफीन घातलेलं गोड पाणी मिळालेल्यांतल्या तिप्पट माशांना तो गंध चोवीस तासांनी आठवत होता. माशीच्या मेंदूत शिकण्याचं काम करणाऱ्या पेशींवर कॅफीनचा परिणाम होतो आणि त्याचा रस्ता ॲडेनोसिनच्या रिसेप्टरवरून जातो, असं त्यांचं म्हणणं. गणेशखिंड रस्त्यावरच्या केंद्रीय मधमाशी संशोधन केंद्रात मी मुलांची सहल नेत असे. तिथे सातेरीच्या पेटीची चौकट उचलून दाखवताना एका मुलीनं विचारलं होतं की माशीला घर आठवतं कसं. तेव्हा हा शोध लागलेला असता तर मी तिला पाऊण तास तिथेच उभं करून ठेवलं असतं.

चिलटांकडे वळते, कारण खरी गंमत तिथे आहे. श्रावणात केळ्याचा घड दोन दिवस ओट्यावर राहिला की त्याभोवती घोंघावतात तीच चिलटं. जगभरच्या प्रयोगशाळांत ती २५ अंशांच्या कपाटात, मक्याचं पीठ, साखर, यीस्ट आणि अगारची खळ घातलेल्या बाटल्यांत वाढवतात. पुण्याच्या पावसाळ्यात तेवढं तापमान फुकट मिळतं. चिलट झोपतं, हे २००० साली दोन वेगवेगळ्या गटांनी सिद्ध केलं. बारीक काचेच्या नळीत एकेकटं चिलट ठेवायचं, नळीच्या मधोमध अवरक्त किरण सोडायचा, आणि पाच मिनिटं तो किरण कुणी ओलांडला नाही तर चिलट झोपलं असं धरायचं. रात्री जागवलं तर दुसऱ्या दिवशी ते भरपाईची झोप काढतं. कॅफीन दिलं तर जागतं. इथपर्यंत सगळं आपल्यासारखंच.

आपल्याकडे ॲडेनोसिनचे चार रिसेप्टर आहेत: ए१, ए२ए, ए२बी आणि ए३. चिलटात एकच. तो २००७ साली नीट ओळखला गेला आणि वागायला आपल्या ए२ए सारखा निघाला. ॲडेनोसिन बसलं की पेशीत सायक्लिक एएमपी वाढतं. एकच रिसेप्टर म्हणजे प्रयोगाला आयतं सावज. तो जनुकच काढून टाकायचा आणि चिलटाला कॅफीन पाजायचं, जागण्याचं कोडं सुटलंच. अमिता सहगल यांच्या पेन्सिल्व्हेनियातल्या प्रयोगशाळेनं २००९ साली नेमकं हेच केलं, आणि रिसेप्टर नसलेली चिलटंही कॅफीनवर तशीच टक्क जागी राहिली. चिलटाची झोप उडवायला कॅफीन त्या दारातून जातच नाही. ते पेशीच्या आतली सायक्लिक एएमपीची साखळी धरतं. पुढे डोपामिनचाही त्यात हात असल्याचं दिसलं. आपली आणि त्यांची एकच तऱ्हा, पण वाटा वेगळ्या. असले निकाल मला फार आवडतात. उत्क्रांतीचं पुस्तक वाचताना पुढचं पान आपल्याला आधीच माहीत आहे असं वाटत असतं, आणि तेवढ्यात हे येतं.

मग त्या एकुलत्या एका रिसेप्टरचं चिलट करतं काय? तो नसला तरी चिलट जगतं, जोडीदार शोधतं, अंडी घालतं. कापसाचं बूच लावलेल्या बाटलीत, तयार अन्नावर, त्याला काही कमी आहे हे कळणारही नाही. कळतं ते आजार आल्यावर.

माझी एक जुनी विद्यार्थिनी आता चिलटांवर काम करते. मागे तिनं मला सूक्ष्मदर्शकाखाली एक चिलट दाखवलं. कार्बन डायऑक्साइडनं गुंगवलेलं, पांढऱ्या पॅडवर उताणं पडलेलं, पाय मधूनच थरथरणारे. ब्रशच्या केसानं तिनं त्याचं पोट किंचित वळवलं. पातळ पिवळट कातडीच्या आत काळा कुळकुळीत ठिपका होता, खसखशीच्या दाण्याहून लहान.

"हे काय?" मी विचारलं.

"मेलेलं अंडं, मॅडम. याला मारायला आलेल्याचं."

लेप्टोपिलिना बौलार्डी ही एक गांधीलमाशी, जेमतेम दोन मिलिमीटरची. सडक्या फळात चिलटाच्या अळ्या खात असतात, तिथे ती उतरते, एका अळीच्या अंगात सुईसारखी नळी खुपसते आणि एक अंडं सोडून निघून जाते. अळीला वरून काही झालेलं दिसत नाही. आत मात्र घड्याळ सुरू झालेलं असतं. अंडं फुटलं तर गांधीलमाशीची अळी यजमानाला आतून खात वाढते, आणि यथावकाश चिलटाच्या कोषातून गांधीलमाशी बाहेर पडते. ते फुटण्याआधी अळीनं त्याचा बंदोबस्त करायचा. तिच्या रक्तात फिरणाऱ्या पेशींना अंडं परकं असल्याचा सुगावा लागतो. मग एरवी निरोगी अळीत जवळजवळ नसतातच अशा लॅमेलोसाइट नावाच्या मोठ्या, चपट्या पेशी भराभर तयार व्हायला लागतात, अंड्याला थरावर थर गुंडाळतात आणि वरून मेलॅनिनचा काळा लेप चढतो. आतलं अंडं गुदमरून मरतं. जिंकलेली अळी पुढे चिलट होते, तरी ती काळी पुडी पोटातच राहते. मी पाहिली ती तीच.

या पेशी तयार करायला प्रचंड इंधन लागतं, आणि वेळ असते नेमकी अळीच्या अधाशी वयातली. चिलटाची अळी चार-पाच दिवसांत कित्येक पट वाढते. जे खाईल ते सगळं अंगाला लावणं एवढंच तिचं आयुष्य. साखरेला हजार वाटेकरी. अशात लढणाऱ्या पेशींना इंधन पुरवायचं कुणाच्या तोंडचं काढून?

चेक प्रजासत्ताकातल्या चेस्के बुड्येयोवित्से या गावच्या विद्यापीठात टॉमास दोलेझाल आणि त्यांचे सहकारी यावर काम करतात. त्यांनी २०१५ साली जे प्रसिद्ध केलं ते वाचून मी उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या होत्या. गांधीलमाशीचा हल्ला झाला की रोगप्रतिकारक पेशी ॲडेनोसिन बाहेर सोडतात. रक्तातून ते सगळीकडे पसरतं. बाकीच्या ऊती साखर घेणं आणि साठवणं आवरतं घेतात आणि अळीची वाढ मंदावते. वाचलेली साखर लढणाऱ्या पेशी घेतात. अळीला कोषात जायला उशीर होतो, पण लॅमेलोसाइट वेळेत तयार होतात. आमच्याकडे एखाद्या वाड्याला आग लागली तर पाणीपुरवठ्याचा माणूस आजूबाजूच्या गल्ल्यांचे व्हॉल्व्ह आवळेल, म्हणजे बंबाच्या नळीला दाब येईल, तसला प्रकार. फरक एवढाच की इथे व्हॉल्व्ह आवळायचा हुकूम खुद्द बंबवालेच सोडतात.

रिसेप्टर काढलेल्या अळ्यांचं काय झालं, ते सगळ्यात बोलकं आहे. शत्रू ओळखणाऱ्या पेशी त्यांच्याकडेही होत्या, हल्लाही तोच. पण हुकूम ऐकायला कानच नाही म्हटल्यावर वाढ मंदावली नाही. त्या आपल्या वेळापत्रकाप्रमाणे खात-वाढत राहिल्या, लॅमेलोसाइट कमी पडले आणि गांधीलमाशीपुढे त्यांचा टिकाव फारच कमी लागला. ज्या अळ्या आजारातही 'काही झालंच नाही' अशा थाटात वागल्या, त्याच मेल्या.

हे वाचलं त्याच पावसाळ्यात आमच्या वरच्या खोलीतल्या मुलाला डेंगी झाला. परभणीकडचा, एमपीएससीच्या तयारीला आलेला. चार मुलं एका खोलीत, खालच्या मेसचा डबा, आणि भिंतीवर पेनानं आखलेलं वेळापत्रक. दोन दिवस तो गोळी घेऊन अभ्यासिकेत जात होता. जिन्यात गाठ पडली तेव्हा डोळे लाल आणि कठडा धरून उभा.

"अरे, पडून राहा की."

"नुसती कणकण आहे काकू. सोमवारी टेस्ट सिरीजचा पेपर आहे."

"टेस्टच ना ती?"

"रँक लागते त्यात."

हातात चहाचा कागदी कप होता. मला त्याक्षणी ती बिनकानाची अळी आठवली, पण तापानं फणफणलेल्या माणसाला अळीची उपमा द्यायची नसते एवढं तारतम्य प्राणिशास्त्रवाल्यांनाही असतं. मी त्याच्या आईचा नंबर घेतला आणि संध्याकाळी फोन केला. त्या माउलीनं दहा मिनिटांत जे साधलं, ते मला साधलं नसतं. दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं, प्लेटलेट्स उतरलेल्या निघाल्या आणि स्वारी गादीवर आली. मग आठवडाभर मी मुगाचं पातळ वरण नि भात वर पाठवत होते. त्यातलं निम्मं परत यायचं. "जातच नाही काकू," म्हणायचा.

जाणार नाहीच. आजारी जनावर कोपऱ्यात बसतं, खात नाही, खेळत नाही, ते दुबळेपणामुळे असं आपण समजतो. बेंजामिन हार्ट या पशुवैद्यकाच्या अभ्यासकानं १९८८ साली मांडलं की ताप, मरगळ आणि अन्नावरची वासना उडणं ही प्रतिकाराची ठरवून केलेली चाल आहे. आपल्यात हा निरोप मुख्यतः सायटोकाइन नावाची प्रथिनं नेतात. चिलटाचं ॲडेनोसिन उचलून जसंच्या तसं माणसाच्या तापाला लावता येत नाही. चहा प्यायल्यानं डेंगी बळावतो असंही कुणी या लेखातून काढू नये, मी तसं म्हटलेलं नाही. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं 'दुखणं अंगावर काढू नकोस' हे टुमणं अळीच्या पातळीवर खरं असल्याचं पाहून मला फार बरं वाटलं, हे लपवत नाही.

त्याला डेंगी देणाऱ्या डासाचाही या रेणूशी जुना व्यवहार आहे. सोंडेला लागलेला द्रव रक्तच आहे, हे एडिसच्या मादीला त्यातल्या एटीपीवरून कळतं. रेचल गलून यांनी १९६३ मध्येच हे दाखवलं होतं. रक्त गोठू नये म्हणून तिच्या लाळेत एटीपी आणि एक फॉस्फेट सुटल्यावर त्याचं होणारं एडीपी कुरतडणारं एन्झाइम असतं आणि ॲडेनोसिन मोडणारंही असतं. वाळूमाशीची तऱ्हा उलटी. तिची फ्लेबोटोमस पापाटासी ही जात लाळेतून ॲडेनोसिन सोबतच घेऊन येते, त्यानं रक्तवाहिन्या सैलावतात आणि प्लेटलेट्स चिकटत नाहीत. वाळूमाशी म्हटलं की पुण्यातल्या जुन्या लोकांना तिच्यातून पसरणारा चंडिपुरा ताप आठवतो. नागपूरजवळच्या त्या गावात सापडलेला विषाणू १९६५ साली इथल्याच विषाणू केंद्रात, म्हणजे आजच्या एनआयव्हीत, वेगळा केला गेला. डास आणि वाळूमाशी म्हणजे एकाच दाराशी दोन चोर, एक कडी काढणारा, एक कडी लावणारा. यावर स्वतंत्र लिहायला हवं.

आता एक रिपोर्ट, जो बऱ्याच घरांनी पाहिला असेल. छातीत पाणी झालं की डॉक्टर ते सुईनं काढून तपासायला पाठवतात, आणि कागदावर 'एडीए' असं लिहिलेलं असतं. आकडा ४० च्या वर गेला की टीबीचा संशय बळावतो. एडीए म्हणजे ॲडेनोसिन डिअमिनेज, ॲडेनोसिन निकामी करणारं एन्झाइम. टीबीच्या पाण्यात त्याचा जो प्रकार प्रामुख्यानं चढलेला असतो तो एडीए-२, आपल्या रोगप्रतिकारक पेशींनीच सोडलेला. आणि चिलटात एडीजीएफ-ए नावाचं जे एन्झाइम आहे ते याच एडीए-२ च्या घराण्यातलं. छातीतलं पाणी आणि केळ्यावरचं चिलट यांची सोयरीक अशी निघते.

चिलटात हे एन्झाइम काय करतं, हे ते काढून टाकल्यावर दिसलं. ॲडेनोसिन मोडणारं कुणी उरलं नाही, तर ते साचत जातं. कसलाही हल्ला नसताना अळीच्या अंगात अखंड टंचाईचा हुकूम चालू राहतो. साठवणीची सगळी चरबी-साखर रक्तात ओतली जाते, वाढ खुंटते आणि बहुतेक अळ्या झिजून मरतात. या अळ्यांतून ॲडेनोसिनचा रिसेप्टरही काढला, तर त्यांची अवस्था बरीच सुधारते. म्हणजे मारत होतं ते ॲडेनोसिन नव्हे, त्याचं ऐकणं. टीबीनं माणूस झिजतो, त्याला आपले पूर्वज क्षय म्हणत. अळीचं झिजणं आणि क्षय यांत सरळ रेघ ओढायचा मोह मी टाळते, पण मोह होतो खरा.

तो मुलगा बरा झाल्यावरही महिना-दीड महिना ओढलेला होता. ताप नाही, रिपोर्ट चांगले, तरी दुपारी चार वाजता पुस्तकावर डोकं. अभ्यासिकेतले मित्र म्हणायचे आळस चढलाय. मला वाटायचं की कुठेतरी हुकूम मागे घ्यायचा राहून गेलाय. पुरावा काही नाही, फक्त वाटायचं.

विद्यार्थिनीशी माझा वाद आहे तो याच टोकावर. अळीच्या त्या चालीला शास्त्रात स्वार्थी प्रतिकार म्हणतात. रोगप्रतिकारक पेशी सगळ्यांच्या तोंडचा घास काढून स्वतः खातात म्हणून. मी तिला म्हटलं, हा अन्याय आहे. ॲडेनोसिन सोडणाऱ्या पेशींतूनच एडीजीएफ-ए ही बाहेर पडतं, मागणी करणारेच मागणी आवरतात, आणि संसर्ग लांबला तर हा लगाम नसेल तेव्हा साठा संपून अळीच्या जिवावर बेततं. स्वार्थी माणूस असं वागेल का?

ती काचेच्या बाटलीतली चिलटं टिचकीनं खाली पाडत होती. वर न बघता म्हणाली, "मॅडम, त्यांना तरी दुसरी अळी कुठंय राहायला?"